हमी शेवटच्या खांबापर्यंत

"हा दोरा कसला म्हणायचा?"

"दातांचा."

बूटवाल्यानं मान वर केली. नऊ वर्षं तो या दुकानात बसत होता. तारेनं बांधलेले बूट त्यानं पाहिले होते, पट्ट्यानं आवळलेले पाहिले होते, एका गृहस्थानं तर चक्क टाय गुंडाळून आणला होता. पण दातांच्या फटी साफ करायचा दोरा, तोही पुदिन्याच्या वासाचा, सोळा वेढे देऊन बांधलेला बूट आज पहिल्यांदाच त्याच्या समोर आला होता.

"गाठ सुंदर मारलीय," तो म्हणाला. "कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? मी दात बनवते."

"म्हणजे?"

"म्हणजे डॉक्टर माप पाठवतात आणि मी लॅबमध्ये बसून कवळ्या करते, कॅप करते. तुमचा पुढचा वरचा दात कोपऱ्यात उडालाय. आजचा नाही, जुना आहे."

बूटवाल्याचं हसू अर्ध्यावरच मिटलं. ओळख होऊन दोन मिनिटं झाली नाहीत, तोच कुणी आपलं तोंड मोजावं, हे त्याला नवीन होतं.

"दोरा दातानं तोडतो ना मी..." तो पुटपुटला.

"कात्री नाही?"

"आहे की. सापडत नाही."

ती हसली, आणि हसतानाच भिंतीला टेकून मटकन खाली बसली. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, पाठीवर चौदा किलोंची पिशवी. सकाळपासून ती उजव्या पायानं फरफटत चालली होती. बुटाचा सोल पुढून असा सुटला होता की प्रत्येक पावलाला जबडा वासायचा आणि मिटायचा. दातवाल्या बाईच्या बुटानंच असा आ करावा, याचं पहिल्या तासात तिला हसू आलं होतं. चौथ्या तासात रडू.

बेचाळीस दिवसांची पायवाट होती ती. डोंगर उतरून, शेतं ओलांडून, शेवटी समुद्राकाठच्या दीपगृहापाशी संपणारी. वाटेवर ठरावीक अंतरानं पिवळ्या टोकाचे लाकडी खांब रोवलेले होते. खांब दिसला की आपण बरोबर चाललोय, नाही दिसला की चुकलोय, इतका सरळ कारभार. आज तिचा तिसरा दिवस होता.

"तिसराच ना?" तिनं न सांगताच बूटवाल्यानं ओळखलं. "माझ्याकडे सगळे तिसऱ्याच दिवशी येतात. पहिल्या दिवशी हौस असते. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं. तिसऱ्या दिवशी काहीतरी तुटतं."

"आणि मग?"

"मग निम्मे पुढं जातात. निम्मे बसस्टँड कुठं आहे ते विचारतात." त्यानं बूट उलटा केला, सोलच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तुम्ही काय विचारणार आहात?"

"मी पाणी विचारणार आहे. आहे का?"

त्यानं तांब्या पुढं केला. पाणी पिताना तिचं लक्ष त्याच्या डोक्यावरच्या पाटीकडे गेलं. हातानं रंगवलेली पाटी, अक्षरं जरा उजवीकडे कललेली. 'दुरुस्तीची हमी शेवटच्या खांबापर्यंत. तक्रार स्वतः येऊन करावी.'

"समजा, शेवटच्या खांबापाशीच सोल निघाला," ती म्हणाली, "तर तक्रार करायला मी एकोणचाळीस दिवस उलटी चालत यायचं?"

"म्हणून तर आजवर एकही तक्रार नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

त्यानं सोल खरवडून काढला, गम लावला, बूट शिकंज्यात घट्ट दाबून ठेवला. मग म्हणाला, "उद्या बघू. वर आत्याच्या खोल्या आहेत, चालणाऱ्यांसाठीच ठेवल्यात. एरवी भरलेल्या असतात, पण आज तुमचं नशीब बरं दिसतंय."

"नशीब? हे असं?" तिनं मोज्यातून बाहेर डोकावणारा अंगठा दाखवला.

दोघंही हसले. त्याच्या उडालेल्या दातामुळे त्याचं हसू जरासं वाकडं दिसे. हा दात आपल्याला सहज नीट करता येईल, असं तिच्या मनात आलं. लगेच दुसरंही आलं... नको, असू दे. असाच बरा दिसतो.

*

घरात तिला 'पाऊण' म्हणत. लहानपणापासूनच. पोहण्याच्या क्लासमध्ये ती हात मारायला शिकली आणि पाय मारायच्या आठवड्यात तिला जी सर्दी झाली, ती क्लास संपेपर्यंत टिकली. गिटारवर चार गाणी, तीही पहिल्या कडव्यापर्यंत. बाबांसाठी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीचा राहिला आणि बाबा तो थंडीत खरोखरच घालत, आल्यागेल्याला दाखवायला. एक लग्नसुद्धा ठरता ठरता पाऊणावर थांबलं होतं. त्याचं मात्र तिला मनापासून बरं वाटलं होतं.

लॅबमध्ये तिच्या हातून एकही दात कधी अर्धवट बाहेर पडला नव्हता. पण ते घरात कुणी धरायचंच नाही.

म्हणून तिनं पंचेचाळीस दिवसांची बिनपगारी रजा टाकली. बेचाळीस चालायचे, तीन हाताशी. एकटीनं निघायचं आणि शेवटच्या खांबाला हात लावून यायचं. आयुष्यात एक गोष्ट, फक्त एक, पूर्ण करायची. ती पुन्हा अर्ध्यात राहिली तर घरचे चिडवतील याची भीती तिला नव्हती. चिडवणं तर रोजचंच होतं. भीती ही होती, की मग तिचं तिलाच ते नाव पटेल.

पहिल्या संध्याकाळी फोडावर लावायला तिनं औषधांचा डबा उघडला, तर पट्ट्यांच्या खाली घडी केलेलं बसचं तिकीट. परतीचं. पाचव्या दिवसाचं, सकाळी अकराची बस, खिडकीची जागा. बस याच गावातून सुटणारी. सोबत ताईच्या अक्षरात चिठ्ठी: 'रागावू नकोस. लागलं तर असू दे.' ताई प्रेमळ होती, तोच तर वांधा होता. कुणी खवचटपणे ठेवलं असतं तर तिनं फाडून वाऱ्यावर सोडलं असतं. हे तिनं परत घडी करून डब्यात ठेवलं. आणि तेव्हापासून चौदा किलोंत ते एक तिकीटच तिला जास्त जड लागत होतं.

*

चौथ्या दिवशी सकाळी ती आत्याच्या सपाता घालून खाली आली. बूटवाला शिकंज्यातल्या बुटाकडे वाकून बघत होता.

"झाला?"

"अं... ओला वाटतोय अजून," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. "हवा दमट आहे ना. आजचा दिवस लागेल. बसा, चहा आणतो."

तो चहाला गेला आणि तिनं सवयीनं सोलच्या कडेला अंगठ्याचं नख लावलं. दहा वर्षं ती चिकटवण्याचंच काम करत होती. कुठला मसाला किती वेळात घट्ट होतो, हे तिचं नख तिला घड्याळाआधी सांगायचं. नख आत गेलं नाही. सोल दगडासारखा बसला होता.

तिनं हात मागं घेतला. तिला कळलं ते नऊ वर्षं हेच करणाऱ्या माणसाला कळलं नसेल, असं होईल का? तिनं ओठ मिटून हसू दाबलं. बाहेरून कपांचा आवाज आला. आता सांगावं, ती मनाशी म्हणाली. तो आत आला, कप पुढं केला, आणि ती म्हणाली,

"हो ना... हवा फारच दमट आहे."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

मग तो दिवस कसा गेला, हे तिला नंतर नीट सांगता आलं नसतं. त्यानं तिची पिशवी उघडायला लावली. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक लांबलचक फळी होती आणि तिच्यावर चालणाऱ्यांनी काढून ठेवलेलं ओझं. केस वाळवायचं यंत्र, घडीची खुर्ची, गजराचं पितळी घड्याळ, चार भागांचा ज्ञानकोश, एका सासूबाईंचा चौकटीतला फोटो. प्रत्येकावर दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव.

"नियम एकच," तो म्हणाला. "ठेवलेलं न्यायला स्वतः यायचं. मी पोस्टानं पाठवत नाही."

"येतात?"

"म्हणतात सगळे, येऊ म्हणून." त्यानं सासूबाईंवरची धूळ पुसली. "मला माणसं तिसऱ्या दिवशीच भेटतात. लंगडणारी, वैतागलेली, भांडून आलेली. चाळिसाव्या दिवशी ती कशी दिसतात, मला ठाऊकच नाही. शेवटचा खांब मी पाहिलेला नाही."

"कधीच नाही? इतकी वर्षं वाटेवर राहून?"

"दुकान सोडून कसं जाणार? रोज कुणाचा तरी तिसरा दिवस असतोच."

हे त्यानं हसत सांगितलं, पण तिला ते लागलं. तिनं पिशवीतून उशी काढली. मग छत्री, दोन स्वेटर, इस्त्री केलेला एक पोशाख, आणि मेणाच्या वड्यांचा डबा.

"हे मेण कशाला?"

"सवय. हात रिकामे राहिले की मी दात कोरते."

"डोंगरात? कुणाचे?"

"आधी माहीत असतं तर तुमचाच कोरला असता."

तो चिठ्ठ्या लिहीत होता, त्याचा हात थांबला. कान लाल झाले. "नाव काय लिहू?" त्यानं घाईनं विचारलं.

"पाऊण लिहा."

"हे कसलं नाव?"

मग तिनं सगळं सांगितलं, स्वेटरच्या बाहीपासून तिकिटापर्यंत. तो हसला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एका बाहीचा स्वेटर बाबा अजून घालतात?"

"दर थंडीत."

"मग त्यांना तो आवडत असणार," तो म्हणाला. असा विचार तिनं पंधरा वर्षांत केला नव्हता.

संध्याकाळी आत्या सूपचं भांडं घेऊन खाली आली. आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई. शिकंज्यात अडकलेल्या बुटाकडे तिनं बघितलं, मग भाच्याकडे, मग पाहुणीकडे.

"वाळला नाही का अजून? यंदा गम फारच ओला निघालाय बाई," ती म्हणाली आणि दोघांच्या वाट्यांत गरम सूप ओतून वर निघून गेली. खाली दोघंही आपापल्या वाटीत डोकं घालून बसले.

*

पाचव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"कुठवर पोचलीस गं?"

"बूट दुरुस्तीला दिलाय. परवापासून इथंच आहे, बस सुटते त्या गावात."

मग ताई हळूच म्हणाली, "असू दे. तीन दिवस चाललीस, हे काय कमी आहे? अकराची आहे बस. पायाला जप हं."

टोमणा असता तर ती तडकून भांडली असती. या मायेपुढं काय बोलणार? फोन ठेवून ती पलंगाच्या कडेला बसली. कालचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. बसमध्ये तर ती चढणार नव्हतीच. पण खाली जाऊन 'हवा दमट आहे' म्हणणं, आज, उद्या, परवा... ते तरी काय वेगळं होतं? बसनं गेली काय आणि इथं राहिली काय, वाट तिसऱ्याच दिवशी संपणार होती. फरक इतकाच, की या वेळचं कारण सर्दीपेक्षा गोड होतं.

ती पिशवी उचलून खाली आली.

"मी म्हणत होतो," बूटवाल्यानं सुरुवात केली, "आजचा दिवस अजून राहू दिला तर—"

"द्या इकडे."

त्यानं शिकंजा सैल केला. तिनं सोल दोन्ही हातांनी वाकवला, सोडला. "हा काल सकाळीच तयार होता."

तो खाली बघत राहिला. "हो."

"हमी देणारा माणूस खोटं बोलतो?"

"नऊ वर्षांत पहिल्यांदा." त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "माफ करा. तुमचा एक दिवस गेला माझ्यामुळे."

"मला माहीत होतं."

"काय?"

"की वाळलाय. तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी नख लावून बघितलं होतं."

त्यानं झटकन वर बघितलं. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"कारण तू आणखी एक दिवस दिसावीस असं वाटलं," तो म्हणाला. 'तू' कधी तोंडातून गेलं, त्याचं त्यालाही समजलं नसावं. "कारण काल दिवसभर मी एकही टाका नीट घातला नाही. कारण तू मला आवडतेस. तीन दिवसांत असं होत नाही म्हणतात... मला तर तीनही लागले नाहीत."

तिचे डोळे भरून आले. राग आला म्हणून, आनंद झाला म्हणून, आणि घड्याळात साडेदहा वाजले होते म्हणूनही.

"तूही मला आवडतोस," ती म्हणाली. "फार. म्हणूनच मला जायला हवं. आज थांबले ना, तर जन्मभर मला वाटत राहील की चालवेना म्हणून मी तुझ्या प्रेमात पडले. आणि मला चालवतं. छान चालवतं."

त्यानं मान हलवली. मग स्टूल पुढं ओढून म्हणाला, "पाय दे."

त्यानं स्वतः बूट चढवला, नाड्या खालून वरपर्यंत एकसारख्या ओढल्या, वर दुहेरी गाठ मारली. उठताना तिनं औषधांच्या डब्यातून तिकीट काढलं आणि फळीवर, सासूबाईंच्या फोटोखाली सरकवलं.

"चिठ्ठी लावू?"

"नको. हे मी न्यायला येणार नाही."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं न्यायला स्वतः यायचं असतं ना?" ती म्हणाली. "नियम आहे."

त्यानं चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एक सुई काढली, कागदात टोचली आणि तिच्या पिशवीच्या कप्प्यात घातली. असू दे, वाटेत लागते, म्हणाला. वरच्या खिडकीतून आत्यानं डोकं बाहेर काढलं. "निघाली का? वाळला वाटतं गम!"

गावाबाहेरच्या पहिल्या खांबापर्यंत तो सोबत आला, दुकानातल्या चपला तशाच घालून. आठ किलोंची पिशवी पाठीवर हलकी वाटत होती. मध्येच त्याच्या हाताची पाठ तिच्या हाताला लागली आणि मग तो हात तिथंच राहिला. खांब अगदी समोर आला, आणि कट् असा आवाज झाला.

त्याच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता.

तिनं आधी चपलेकडे बघितलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. आणि मग ती इतकं हसली, इतकं हसली, की खांबाला धरून उभं राहावं लागलं. "अख्ख्या वाटेचे बूट शिवतोस आणि स्वतःची चप्पल?"

"वेळ कुठं मिळतो..." तो एका पायावर उभा राहून म्हणाला.

"बस खाली."

तिनं सुई काढली. खिशातून पुदिन्याच्या वासाचा दोरा काढला, दुहेरी ओवला, आणि वाटेच्या कडेला बसून अंगठा शिवायला घेतला. बारीक, एकसारखे टाके, अगदी लॅबमधल्या कामासारखे. तो तिचे हात बघत होता. शेवटची गाठ मारून तिनं दोरा दाताशी नेला.

"दातानं तोडू नकोस!" तो ओरडला.

"बघ, कळलं ना?" तिनं औषधांच्या डब्यातली छोटी कात्री काढून दोरा कापला आणि चप्पल त्याच्या पायापुढं ठेवली. त्यानं घालून बघितली. दोन पावलं चालला.

"टिकेल?"

"हमी आहे."

"कुठपर्यंत?"

तिनं पिशवी पाठीवर घेतली, पट्टे आवळले.

"शेवटच्या खांबापर्यंत," ती म्हणाली. "तक्रार स्वतः येऊन करावी."

त्याला उमजायला एक क्षण लागला. मग त्याचं ते वाकडं हसू हळूहळू चेहराभर पसरलं.

"बेचाळिसाव्या दिवशी?"

"त्रेचाळिसाव्या. एक दिवस तू खाल्लास."

"दोघांनी मिळून खाल्ला."

"बरं, दोघांनी. आणि दुकान?"

"त्या दिवशीचे तिसरे-दिवसवाले चौथ्या दिवशी येतील," तो म्हणाला. "थोडं लंगडतील. आत्या सूप देईल."

"दाताचं माप घेणार आहे मी तिथं. तोवर आणखी एखादा उडवू नकोस."

"कात्री शोधतो," तो म्हणाला, आणि तिनं टाचा उंचावून त्याच्या गालावर ओठ टेकवले. गमाचा वास होता त्याला, आणि साबणाचा.

पलीकडच्या रस्त्यावरून अकराची बस धूळ उडवत गेली. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. बस वळणाआड जाईपर्यंत तिनं बघितलं आणि चालायला लागली. उजवा बूट डाव्यापेक्षा घट्ट बसला होता. पुढचा पिवळा ठिपका लांब शेताच्या कडेला दिसत होता.

तिनं मागं वळून बघितलं नाही. म्हणजे, दोनदाच बघितलं. दुसऱ्या वेळीही तो खांबाशीच उभा होता, आणि मान खाली घालून आपल्या चपलेकडे बघत होता.